वन्संनी पाठवलेली बरणी

"फ्राऊ लिमये, तुम्ही स्टेरॉइड्स किती वर्षं घेताय?"

जर्मनीतल्या इंगोलश्टाटच्या हॉस्पिटलात हाताला सलाइन लावलेलं असताना डॉक्टरीणबाईंनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी म्हटलं, आयुष्यात कधी घेतलेलं नाही. त्यांनी माझ्या नवऱ्याकडे, परागकडे पाहिलं. त्यानेही नकारार्थी मान हलवली.

"तुमच्या रक्तात कॉर्टिसोल जवळजवळ नाहीच," त्या म्हणाल्या. "आणि तुमचा चेहरा, हातावरचे हे काळेनिळे डाग सांगताहेत की बराच काळ शरीरात स्टेरॉइड भरपूर होतं. आल्झो, म्हणजे कुठून तरी ते येत होतं आणि आता यायचं थांबलंय."

मला संताप आला. उलट्या करून करून जीव अर्धा झालेला आणि ही बाई मला व्यायामशाळेतल्या पोरांसारखी स्टेरॉइडवाली ठरवतेय. बाई शंभर टक्के बरोबर होती, हे मला पुढच्या काही दिवसांत कळलं.

माझ्या आजाराचं नाव अॅड्रिनल क्रायसिस. अॅड्रिनल या दोन छोट्या ग्रंथी, दोन्ही मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या. त्या कॉर्टिसोल नावाचं हार्मोन बनवतात. ताप आला, अपघात झाला, ऑपरेशन झालं की शरीर तगून राहतं ते त्याच्या जोरावर. बाहेरून गोळीतून स्टेरॉइड मिळायला लागलं की या ग्रंथी काम सोडून स्वस्थ बसतात. मग गोळी एकाएकी बंद झाली तर बाहेरचंही नाही आणि घरचंही नाही. रक्तदाब कोसळतो, रक्तातलं सोडियम उतरतं, साखर उतरते. वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर माणूस जातो.

हे सगळं थायरॉइडपासून सुरू झालं. आम्ही इथे राहायला आल्यावर दोनेक वर्षांत मला हाशिमोटो निघाला. हाशिमोटो म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या थायरॉइड ग्रंथीवर उलटते आणि ग्रंथी हळूहळू थकते. आमच्या हाउसआर्ट्स्टने, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरने, रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची गोळी दिली. टीएसएच हा थायरॉइड कमी पडलं की वाढणारा आकडा. तो रेषेत आला आणि डॉक्टरांच्या लेखी मी बरी झाले.

मी बरी नव्हते. केसांनी बाथरूमची जाळी तुंबायची. भाजीच्या पिशव्या घेऊन दुसरा मजला चढताना मधल्या पायरीवर बसावं लागायचं. मी गाड्यांच्या सुट्या भागांचं सॉफ्टवेअर तपासते, आणि दुपारच्या मीटिंगमध्ये स्वतःच्या मांडीला चिमटे काढून जागी राहायची. डॉक्टरांना सांगितलं की ते स्क्रीनकडे बघून म्हणायचे, "आलेस नॉर्माल." म्हणजे सगळं नॉर्मल. त्या माणसाने एकदा तरी स्क्रीनवरून मान वळवून माझ्याकडे पाहिलं असतं तर पुढचं बरंचसं टळलं असतं, असं मला आजही वाटतं आणि आजही चीड येते.

वन्संनी मात्र पाहिलं. वन्सं म्हणजे परागची मोठी बहीण. सासूबाई लवकर गेल्या, तेव्हा परागला त्यांनीच वाढवलं. पुण्याहून व्हिडिओ कॉलवर त्या म्हणाल्या, "मेधा, डोळ्यांखाली काय झालंय हे? तुझं अॅड्रिनल थकलंय. आमच्या वैद्यांचं औषध पाठवते. थायरॉइडला आणि अॅड्रिनलला, दोन्हीला चालतं. अगदी नैसर्गिक आहे." त्यांच्या गुडघ्यांना त्या औषधाने चांगलाच गुण आला होता.

इथल्या मराठी मंडळींची एक रीत आहे. पुण्या-मुंबईहून कुणी येणार असलं की ग्रुपवर मेसेज पडतो, बॅगेत थोडी जागा आहे, कुणाचं काही आणायचंय का? मग कुणाचा गोडा मसाला, कुणाचं मेतकूट, कुणाच्या मुलाच्या मुंजीचे लाडू. याच वाटेने माझी बरणी आली. पांढऱ्या प्लास्टिकची, हिरव्या झाकणाची. आत पिवळट कॅप्सूल. बाहेर 'स्त्री-शक्ती' आणि एक पान छापलेलं, घटकांचा पत्ता नाही.

पहिल्याच आठवड्यात मी उठून बसले. भूक लागली, सांधे दुखायचे थांबले, मीटिंगमध्ये चिमटे काढायची गरज उरली नाही. दोन वर्षं जर्मन विज्ञानाने दिलं नाही ते वैद्यांनी दिलं. घरी सगळे म्हणायला लागले, मेधाची तब्येत सुधारली. गाल भरले होते. मानेमागे मांस चढलं होतं. ही स्टेरॉइडची लक्षणं असतात, अशा चेहऱ्याला डॉक्टर मून फेस म्हणतात, म्हणजे चंद्रासारखा गोल चेहरा. आमच्याकडे त्याला तब्येत सुधारली म्हणतात.

दर तपासणीला हाउसआर्ट्स्ट विचारायचे, आणखी काही औषधं घेता का? मी म्हणायची, नाही. यात लपवाछपवी नव्हती. आपल्याकडे औषध म्हणजे केमिस्टकडचं. घरून येतं ते औषध नसतं, ते घरचं असतं. हळद, ओवा, वन्संची कॅप्सूल, सगळं एकाच फडताळात. हे वाचणाऱ्यांपैकी किती जणांच्या फडताळात आत्ता अशी बरणी आहे, ते मला चांगलं माहीत आहे.

मग या वसंतात एक ओळखीचे गृहस्थ पुण्याहून यायचे होते. मुंबईच्या विमानतळावर त्यांच्या बॅगेचं वजन जास्त भरलं. काय काढावं, असा विचार करून त्यांनी माझी बरणी काढली आणि सोडायला आलेल्या वडिलांच्या हातात दिली. माझ्यासाठीच्या कुरड्या तेवढ्या ठेवल्या. इथे आल्यावर मला मोठ्या अभिमानाने म्हणाले, "वहिनी, एकही मोडली नाही बघा." मी हसून आभार मानले. घरातली बरणी तेव्हा रिकामी झालीच होती.

आधी नुसती मरगळ आली. मग अंग मोडून येणं, जेवण नकोसं होणं, उलट्या, उठलं की डोळ्यांपुढे अंधारी. मी हाउसआर्ट्स्टकडे गेले. टीएसएच थोडं वाढलं होतं. त्यांनी थायरॉइडची गोळी वाढवून दिली. हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी नंतर समजावलं की कॉर्टिसोल कमी पडलं तरी टीएसएच वर सरकतं. आणि थायरॉइडची गोळी वाढवली की शरीर उरलंसुरलं कॉर्टिसोलही भराभर संपवतं. म्हणजे मी बुडत होते आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून मला आणखी खाली दाबलं गेलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत, पोह्यांसाठी कांदा चिरताना, मी स्वयंपाकघरात कोसळले. परागने अॅम्ब्युलन्स बोलावली.

शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन दिलं. ते आपल्या कॉर्टिसोलचंच औषधातलं रूप. दुपारपर्यंत मी बसून टोस्ट खात होते. इतक्या झपाट्याने बरं वाटलेलं मला ओळखीचं वाटलं. बरणीच्या पहिल्या आठवड्यातही असंच वाटलं होतं. मी डॉक्टरीणबाईंना तसं सांगितलं.

परागने माझ्या पर्सच्या तळातून एक चुकार कॅप्सूल शोधून काढली. डॉक्टरीणबाईंनी ती तपासायला पाठवली. मी अजून वॉर्डातच होते तेव्हा निकाल आला. डेक्सामेथासोन. अतिशय जोरकस स्टेरॉइड. 'स्त्री-शक्ती'मधली शक्ती ती एवढीच.

त्याच दिवशी वन्संचा फोन आला. "बरी आहेस ना गं? पराग म्हणाला व्हायरल झालंय."

मी परागकडे पाहिलं. तो खिडकीकडे बघत होता. ताईला वाईट वाटू नये म्हणून त्याने पुण्याला परस्पर व्हायरल जाहीर करून टाकलं होतं. बायको मरता मरता वाचली आणि याला काळजी ताईच्या मनाची.

"तू औषध बंद केलंस ना, म्हणून झालं हे," वन्सं पुढे म्हणाल्या. आणि याहून खरं वाक्य त्या आजारपणात कुणी बोललं नाही. "दोन बरण्या पाठवतेय. माझं तर आता बंदच होणार. पुढच्या महिन्यात गुडघ्याचं ऑपरेशन आहे ना, सर्जन म्हणाले आयुर्वेदिक असेल ते सगळं सोडा. उद्यापासून सोडतेच आहे."

मी फोन ठेवला आणि डॉक्टरीणबाईंना बोलावून घेतलं. सगळं सांगून विचारलं, म्हणजे ते विष आहे हे ठाऊक असून मी त्यांना सांगायचं की सोडू नका?

"गेनाऊ, अगदी तसंच," त्या म्हणाल्या. "एकाएकी सोडायचं नाही. लगेच डॉक्टरांना दाखवायचं, ते योग्य औषधावर आणतील. आणि हे न सांगता ऑपरेशन करू द्यायचं नाही. टेबलावर क्रायसिस आली तर फार अवघड होतं."

पराग म्हणाला, "ताईला हे असं सांगितलं तर ती खचेल."

"नाही सांगितलं तर मरेल, पराग."

तो बाहेर व्हरांड्यात गेला. बऱ्याच वेळाने आत आला आणि फोन माझ्या हातात दिला. "तूच बोल. माझ्याने नाही होणार."

लग्नाला इतकी वर्षं झाली, वन्संना मी कधी उलट शब्द बोलले नव्हते. आवडली नाही ती साडीसुद्धा नेसले होते. आता हाताला सुई टोचलेल्या अवस्थेत मी त्यांना सांगितलं की तुमच्या कॅप्सूलमध्ये स्टेरॉइड आहे, माझं व्हायरल नव्हतं, तुमचंही हेच होऊ शकतं.

त्या म्हणाल्या, "म्हणजे मी तुला विष दिलं?"

माझ्याकडे गोड शब्द बरेच होते. तसं कसं म्हणता, तुम्ही प्रेमाने दिलंत, तुम्हाला काय ठाऊक. सगळं खरंच होतं. पण मी दमले होते आणि रागावले होते. मी म्हटलं, "हो, वन्सं."

"आणि आता मलाच म्हणतेस, घेत राहा?"

"डॉक्टरांकडे जाईपर्यंत घ्या. आज जा, उद्या जा, पण जा. आणि सर्जनना सांगा."

"मला गुण आलाय," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. नंतर उचललाच नाही.

शेवटी परागने त्यांच्या सर्जनना फोन केला. ताईच्या पाठीमागे, पण केला. सर्जननी कॉर्टिसोल तपासायला लावलं. ते जवळजवळ नव्हतंच. ऑपरेशन पुढे ढकललं, वन्संना हायड्रोकॉर्टिसोन सुरू झालं, घरी ठेवायला त्याचं इंजेक्शनही मिळालं. नातेवाइकांत मात्र बातमी अशी गेली की मेधाने तिकडे बसून ऑपरेशनमध्ये खोडा घातला. वन्सं परागशी बोलायच्या. माझी चौकशीही करायच्या नाहीत.

तुमच्यापैकी कुणाला थायरॉइड असेल आणि टीएसएच नॉर्मल येऊनही अंगात त्राण नसेल, तर तुमचं दुखणं खोटं नाही. डॉक्टरला धरून बसवा. लोह, बी-ट्वेल्व्ह तपासा, सकाळचं कॉर्टिसोल तपासायची गरज आहे का ते विचारा. पण 'थकलेल्या अॅड्रिनलसाठी शक्तिवर्धक' म्हणून कुणी काही विकत असेल, ते वैद्यांचं असो की इथल्या ऑनलाइन दुकानातलं, तर ते घेऊ नका. घेत असाल तर डॉक्टरसमोर टेबलावर बरणी नेऊन ठेवा. आणि एक दिवसही मनाने बंद करू नका. मी मेले असते ती औषधाने नव्हे, औषध थांबल्याने.

माझ्या ग्रंथी अजून झोपलेल्या आहेत. एंडोक्रिनोलॉजिस्ट, म्हणजे हार्मोन्सचे डॉक्टर, त्यांच्या भेटीचा टर्मिन महिनोन्‌महिने मिळत नाही. मिळाला की ते रक्त घेतात आणि म्हणतात, धीर धरा. सकाळ-दुपार गोळी. पर्समध्ये मला काय झालंय ते सांगणारं एक छोटं कार्ड आणि इंजेक्शनचा डबा. ताप आला की गोळी दुप्पट, उलट्या होऊन गोळी पोटात राहत नसेल तर इंजेक्शन. हाडं ठिसूळ झालीत म्हणून वेगळी गोळी. पुण्यात ते वैद्य रोज बसतात, आणि दाराबाहेर चपलांचा ढीग असतो, असं ऐकते. कृतज्ञता कुणाबद्दल वाटावी, हे ठरवायला मला वेळ लागला. त्या डॉक्टरीणबाई तर आहेतच. पण खरं सांगू का, त्या न मोडलेल्या कुरड्यांचेही माझ्यावर उपकार आहेत. त्या बॅगेत राहिल्या नसत्या तर मी अजूनही ते विष गिळून सुधारत असते.

परवा दुपारी ऑफिसात फोन वाजला. वन्सं. थेट मला. कशी आहेस वगैरे काही नाही.

"मेधा, सकाळपासून उलट्या होतायत. गोळी राहत नाहीये. ते इंजेक्शन समोर ठेवलंय. कुठे टोचायचं गं?"

मी उठून जिन्यात गेले. "वन्सं, आधी बाटलीत सोबतचं पाणी घालून हलवा. पावडर विरघळू दे. आता सिरिंजमध्ये ओढा. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध. गाऊनवरून टोचलंत तरी चालेल."

"माझ्याने नाही होणार गं."

"होईल. टोचा."

मला त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"टोचलं," त्या म्हणाल्या.

"आता फोन चालू ठेवून शेजारच्यांची बेल वाजवा. हॉस्पिटलात जायचंय. अॅड्रिनल म्हणून सांगा, व्हायरल म्हणून नाही."

शेजारी आले. त्यांचा आवाज ऐकू आला, गाडीची किल्ली शोधल्याचा आवाज आला. फोन ठेवता ठेवता वन्सं म्हणाल्या, "तिकडे कुणी येणार असेल तर कळव गं. भाजणी पाठवेन." मग म्हणाल्या, "नुसती भाजणी."

माझा राग अजून गेलेला नाही. मी म्हटलं, "पाठवा, वन्सं."