दशांशाच्या पुढं

इंटर सायन्सच्या वर्गात मी एकटीच मुलगी होते. कारंज्याहून वर्ध्याला मावशीकडं राहायला आले आणि बोलणंच विसरले. वर्गातली मुलं सभ्य होती, म्हणजे माझ्याकडं बघत नसत. असल्या सभ्यपणाचा मला भारी राग यायचा. कुणीतरी माझ्याशी दोन शब्द बोलावे, एवढंच हवं होतं.

प्रयोगशाळेत एका टेबलावर दोघं. माझा जोडीदार हिंगणघाटचा. तो ब्युरेटमधून, त्या खुणा कोरलेल्या काचनळीतून, थेंब-थेंब कॉस्टिक सोडा सोडायचा, खालचं ऑक्झॅलिक आम्ल गुलाबी झालं की मान न वळवता आकडा सांगायचा. "दहा पॉइंट तीन." आठवडाभरात कॉलेजात माझ्याशी कुणी बोललेलं तेवढंच. मी जपून ऐकायची.

हिशेब दोघांनी आपापला करायचा. दहा सीसीत किती ग्रॅम आम्ल ते काढायचं, मग शंभरानं गुणून लिटरला किती ते लिहायचं. जितके आकडे जास्त तितके गुण जास्त, अशी साऱ्या वर्गाची समजूत. त्यानं ६.४८९०० लिहिलं. मीही आधी ६.४८९ लिहिलं, मग ते खोडून ६.४९ केलं.

"काऊन खोडून राह्यल्या तुम्ही?"

मी दचकलेच. "ब्युरेटवर एका दशांशाच्या पुढं आपल्याले दिसलंच नाई," मी म्हटलं. "एक, शून्य, तीन, हे तीनच आकडे खरे. बाकीचे कुठून आले?"

तो हसला. "मंग हे दोन शून्य म्या घरून आणले म्हणा ना!"

मीही हसले, मोठ्यानं. पुढल्या खेपेपासून तो विचारून विचारून आकडे कापू लागला. मधेच कारंज्याचं विचारायचा, हिंगणघाटच्या बाजाराचं सांगायचा. त्या दिवसांत मला मावशीचं घरसुद्धा बरं वाटायला लागलं.

सरांनी दोघांच्या वह्या तपासल्या. कोण कुणाकडून शिकलं हे त्यांना लगेच कळलं. साऱ्या वर्गासमोर त्यांनी मला शाबासकी दिली आणि खिडकीपाशी वेगळं टेबल दिलं.

"तुले आता जोडीदाराची गरज नाई," ते कौतुकानं म्हणाले.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंही वाजवल्या.

"जी सर," मी म्हटलं आणि माझी ब्युरेट उचलली.