फ्लोरेन्सिओ काकांचे टायर

तरुणपणी फ्लोरेन्सिओ आर्से एक शर्यत जिंकला होता. त्याच्या पुढच्या तिन्ही गाड्या वाटेत बंद पडल्या म्हणून जिंकला, हे ओहोस नेग्रोस गावात सगळ्यांना माहीत होतं. फक्त फ्लोरेन्सिओला नव्हतं. त्याच्या मते शर्यत जिंकली ती टायरांनी. जाड बाजूचे, बारीक नक्षीचे, दगडासारखे कडक टायर. तेव्हापासून गावातली कुठलीही गाडी वाळवंटातल्या शर्यतीला निघाली की हा बोलावल्याशिवाय हजर व्हायचा, टायरात अंगठ्याचं नख रुतवून बघायचा आणि निकाल द्यायचा. वाळू असो, चिखल असो, पिठासारखी धूळ असो, निकाल ठरलेला: कडक टायर. बाकी आयुष्यात त्याने धड एक कुंपणही उभं केलं नाही.

या वर्षी गाडी पुतणीची होती. यादिराने जुनी बीटल स्वतः उभी केली होती. मागच्या दोन शर्यती अर्ध्यावर सुटल्या, त्याही काकांच्या टायरांवर. आता बाप नाबोर म्हणाला होता, "या खेपेला वेळेत पोचलीस तर गाडी तुझी. नाहीतर विकून टाकतो." थोरल्या भावाचा, फ्लोरेन्सिओचा, शब्द मात्र त्याच्याने मोडवत नव्हता.

आदल्या दिवशी काका आला. टोपी मागे सारून त्याने नख रुतवलं.

"कडक लाव. सगळा रस्ता मी पाहून आलोय. कोरडा ठणठणीत आहे, पोरी."

"ओढ्याजवळ सुद्धा?"

"ओढा? त्यात बेडूकसुद्धा तहानेने मरतो!"

यादिरा पाना पुसत राहिली. मग सहज विचारल्यासारखं म्हणाली, "तुम्ही उद्या बसणार कुठे, काका?"

"ओढ्यावरच की! दरवर्षीची जागा आहे आमची. मांस भाजायला शेगडी नेतोय, बिअर नेतोय. आणि ऐक, तुझ्या बापाला सांगू नकोस. माझा दोस्त चौने, त्याने पाण्याचा टँकर ठरवलाय. दुपारपासून बांध घालतोय आम्ही. असा चिखल करू की गाड्या म्हशीसारख्या लोळतील!" तो डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला.

"मजा येईल," यादिरा म्हणाली.

"येणारच! कडक टायर विसरू नकोस."

आपणच केलेल्या चिखलातून पुतणीची गाडीही जायची आहे, हा हिशेब त्या डोक्यात शिरलाच नाही. टायर म्हणजे टायर आणि गंमत म्हणजे गंमत. दोन्हींची गाठ त्याने कधी घातलीच नव्हती.

तो गेल्यावर यादिराने मागची चाकं बदलली. खोल खाचांचे, मऊ रबराचे टायर चढवले. चिखलात ते धरणार होते. पुढच्या खडकाळ चढावर त्यांच्या पातळ बाजू फाटू शकतात, हेही तिला ठाऊक होतं. पण चढावर हळू जाता येतं. रुतलेल्या गाडीला हळू जाण्याचीही सोय नसते.

शर्यतीत ओढ्यावर गाड्या लोळल्याच. दोन्ही काठांवर लोक टाळ्या पिटत होते. यादिरा गिअर न बदलता, पाय न उचलता थेट घुसली. बीटल डोलली, घसरली आणि बाहेर पडली. काठावर काका टाको उंचावून ओरडत होता, "बघा! कडक टायर! माझे टायर!" चाकांवर इतका चिखल होता की त्याला काही दिसलं नाही.

चढावर एका दगडाने मागचा टायर चिरलाच. बदलायला वेळ उरला नव्हता. उरलेला रस्ता तिने फाटक्या चाकावर रखडत कापला आणि मुदत संपता संपता पोचली. नाबोरने बोनेटवर थाप मारली. "गाडी तुझी," एवढंच म्हणाला.

तेवढ्यात काका येऊन ठेपला, बुटांना ओढ्याचा चिखल तसाच, हातात बिअर. त्याने फाटलेला टायर पाहिला, वाकून नख रुतवलं आणि चेहरा गंभीर केला.

"मऊ! नाबोर, हिने मऊ लावले होते! म्हणून फाटला. मी काय सांगितलं होतं?"

"कडक लाव म्हणून सांगितलं होतंत," यादिरा म्हणाली.

"मग? ऐकलं असतंस तर पहिली आली असतीस!"

जमलेल्या लोकांनी माना डोलावल्या. फाटका टायर समोर होता, ओढा मागे राहिला होता. यादिराने काकाच्या हातून बिअर घेतली आणि उभ्या उभ्या संपवली.