टेबलावरचा नऊ नंबर

वडिलांना विसरायला व्हायला लागलं तेव्हा मी त्यांना साबणाच्या वडीएवढी एक डबी बनवून दिली. आम्हा हौशी रेडिओवाल्यांना यात नवल नाही. डबी दर दोन मिनिटांनी आपला ठावठिकाणा हवेत सोडते, उंचावरचा रिले तो उचलून पुढे पाठवतो आणि मोबाइलच्या नकाशावर ठिपका उमटतो. एक रिले शहरात, शहागंजजवळ माझ्या गच्चीवर पाण्याच्या टाकीला बांधलेला, दुसरा डोंगरावर एका दोस्ताच्या घरावर. ठिपक्याला नाव माझ्या परवान्याचं आणि पुढे नऊ. फिरत्या स्टेशनाला नऊ लावायचा आमच्यात रिवाज आहे. थोडक्यात, वडील माझ्या नावावर हिंडत होते.

आठवड्यातून एकदा ते एसटीने देवगाव रंगारीला जायचे. शेत बटईने दिलेलं, तिथे त्यांना काम असं काही नव्हतं. बायकोचं म्हणणं, आता एकट्याने जाणं बंद करा. मी म्हणालो, ठिपका दिसतोय तोवर जाऊ दे. मोबाइल ते नेमाने उशाखाली विसरत, डबी मात्र आठवणीने पिशवीत ठेवत. त्यांच्याकडून मी एकच गोष्ट घोकून घेतली होती.

"आण्णा, गोंधळल्यासारखं झालं की हिंडायचं नाही. आहे तिथंच बसायचं. मला दिसतं."

"व्हय," ते म्हणाले. शाळेत हजेरी द्यावी तसं.

त्या दिवशी ते सकाळी आठला निघाले. ऑफिसला जाण्याआधी मी दुसरी, जादाची डबी खिडकीजवळच्या टेबलावर चालू करून पाहिली. तिच्यात पहिलीचीच सेटिंग उतरवली होती, म्हणजे तिचाही नंबर नऊच. नंबर बदलायचा राहिला होता आणि डबी बंद करायचीही राहिली.

तीनच्या सुमारास मोबाइल पाहिला. नऊ नंबर घरी. वडील लवकर परतले, बरं झालं, असं वाटून मी चहाला गेलो. ठिपक्यावर बोट ठेवलं असतं तर मागचा माग दिसला असता: सकाळभर घर आणि देवगाव यांच्यामध्ये मारलेल्या वेड्यावाकड्या उड्या, मग नुसतं घर. बोट ठेवलं नाही. वीस वर्षं हा छंद केल्यावर माणसाला ठिपक्यावर जरा जास्तच भरवसा बसतो.

साडेपाचला घरी आलो. बायको अजून कामावरून यायची होती, दाराला कुलूप होतं. आत टेबलावर डबीचा दिवा लुकलुकत होता. मी घाबरलो, आणि घाबरून पहिल्यांदा केलं काय, तर डबी बंद केली.

देवगावला फोन लावला. शेत करणारा म्हणाला, आज आण्णा आलेच नाहीत. देवगावच्या पुढे ती एसटी वैजापूरला जाते, आणि वैजापूर आमच्या रिलेच्या टप्प्याबाहेर. तिथे आमच्यातलेच एक निवृत्त गुरुजी आहेत. त्यांचा रेडिओ आसपासचे ठिपके ऐकून त्यांच्यापुरते दाखवतो, इंटरनेटला जोडलेला नाही. त्यांना फोन केला.

"तुमचा नऊ नंबर व्हय? दुपारपासून मार्केट यार्डात हाय की. मला वाटलं तुम्हीच आलात. म्हटलं, भेटायला कसे येत नाय?"

यार्ड. वडिलांनी जन्मभर कांदा तिथेच नेला होता. गुरुजी लगेच तिकडे गेले आणि त्यांनी तिथून फोन केला. वडील फाटकाजवळच्या कडुलिंबाखाली बसलेले होते. घरी चला म्हटलं तर उठेनात, चहासुद्धा जागेवरच मागवावा लागला. "पोरानं सांगितलंय, जागा सोडायची नाय," एवढंच म्हणत होते.

मी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. गुरुजी शेजारी बसलेले. वडिलांची पिशवी मांडीवर, दोन्ही हात तिच्यावर. ते दमलेले दिसत होते, घाबरलेले नाही.

"तू म्हणला तसाच बसलो," ते म्हणाले. "लघवीलाबी गेलो नाय. दिसत व्हतो ना तुला?"

गुरुजी दुसरीकडे पाहू लागले.

"हो, आण्णा."

ते पिशवी घेऊन उठले.

"मग लई येळ लावलास."