तोंगबाईंची काचनळी

चीनमधल्या शेनयांग शहरात काचतंतू हाताळणारे पुष्कळ आहेत. पण केसाहून बारीक ओढलेला तंतू सुईएवढ्या काचनळीत ओवायचा, भोवती काजळासारखा चुंबकी द्रव भरायचा आणि एकही बुडबुडा न ठेवता दोन्ही तोंडं बंद करायची, हे जमणारा हात एकच, तोंगबाईंचा! कुणाच्याही तोंडावर सांगेन मी हे.

बाई आधी ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात तारा गुंडाळायच्या. कारखान्याने माणसं काढली, तेव्हा चाळिशी ओलांडलेल्या बाई विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत लागल्या त्या केरफरशीला. तिथे रोज फुटणाऱ्या नळ्या बघवेनात, म्हणून एक दिवस स्वतःच त्या करायला मांडी ठोकून बसल्या. तेव्हापासून पीएचडी करणारेही त्यांना 'शिफू' म्हणतात, म्हणजे उस्ताद.

जानेवारीत त्यांच्या नळीची परीक्षा होती. उणे बावीस अंशांत, उघड्या आवारात, मोठ्या ट्रान्सफॉर्मरशेजारी ती एका डबीत बसवली. चुंबकक्षेत्र वाढलं की द्रव बदलतो, तंतूतला प्रकाश सरकतो आणि त्यावरून क्षेत्र किती याचा आकडा मिळतो. वीज कंपनीचे पाहुणे दहाला येणार होते. आठ वाजता बघतात तर आकडा हवा त्याच्या पाऊणपट, आणि तोही हळूहळू वर चढतोय.

"नळी गळतेय," प्रयोगशाळेचे प्रमुख प्राध्यापक ग्वान म्हणाले. "कापून बघू या."

"कापून?" बाईंचा पारा चढला. "एकोणीस दिवस डोळे फोडलेत मी तिच्यापायी! कापली की संपली. मग पाहुण्यांना काय, माझा चष्मा दाखवणार?"

"शिफू, वय झालं की हात जरा..."

"हाताचं नाव काढायचं नाही, सर! गळत असती तर आकडा घसरला असता. हा चढतोय. दहा मिनिटं द्या मला."

बाईंनी हातमोजे काढले, बर्फात गुडघे टेकले आणि डबी चाचपायला लागल्या. खालच्या बाजूला हात गेला नि त्या थांबल्या. डबी चक्क गरम होती.

"ही गरमपट्टी कुणी चिकटवली?"

मोजमापं घेणारी संशोधक लुआन रडकुंडीला आली. "मीच, शिफू. द्रव गोठेल अशी भीती वाटली. आपण कंबरेला लावतो ना, तीच..."

"अगं बये, तेलातला द्रव तो, एवढ्याने गोठतोय होय? आणि पट्टीत लोखंडाचा भुगा असतो! गंजतो म्हणून तर तापतो. शेजारी लोखंड ठेवलंस तर ते चुंबकत्व आपल्याकडे ओढणारच. गंजलेलं लोखंड तेवढं ओढत नाही, म्हणून भुगा गंजत गेला तसा आकडा चढत गेला. बावीस वर्षं लोखंडाच्या गाभ्यावर तारा गुंडाळल्यात मी, विचारायचंस तरी!"

पट्टी निघाली. डबी गार झाली आणि आकडा हवा तिथे येऊन बसला, तो हललाच नाही. लुआनने बाईंना मिठीच मारली.

पाहुणे आले, आकडे बघून खूश झाले. त्यांच्यातल्या मुख्य साहेबांनी विचारलं, "कुठल्या यंत्रावर बनवलीत?"

ग्वान सर बोलायला लागले आणि अडखळले. मग मागे उभ्या असलेल्या बाईंना त्यांनी हाताला धरून पुढे आणलं.

"यंत्र कसलं! यांनी बनवली. आणि सकाळी मी मूर्ख ती कापायला निघालो होतो."

साहेबांनी बाईंचे थंडीने लाल झालेले हात आपल्या दोन्ही हातांत घेतले. बाईंची मान ताठ झाली.

"आणखी हव्या असतील तर मिळतील," त्या म्हणाल्या. "पण घाई केलेली मला चालत नाही."