परक्या गावची नोंद

आमच्या ऑफिसचे मालक खेड्यातल्या माणसाला खुळा समजत. स्वतः शिरोळकडच्या खेड्यातलेच असून समजत, हे विशेष.

एका दूध संघासाठी आम्ही वेबवर चालणारा प्रोग्राम केला होता. जनावर आजारी पडलं की गावच्या संस्थेच्या सेक्रेटरीने त्यात नोंद करायची आणि डॉक्टरांनी त्या यादीप्रमाणे गावोगाव जायचं. यादी सगळ्यांनी बघायची, पण बदल ज्याने त्याने आपल्याच गावच्या नोंदीत करायचा, असं ठरलं होतं. त्यासाठी आम्ही काय केलं? तर परक्या गावच्या नोंदीपुढचं ‘बदला’ हे बटण लपवलं. झाली आमची सुरक्षा.

तपासताना मी सहज ब्राउझरमधल्या पत्त्यातला नोंदीचा आकडा बदलून पाहिला. परक्या गावची नोंद उघडली, बदलली आणि निमूटपणे सेव्हही झाली. बटण दिसत नव्हतं एवढंच, सर्व्हर मात्र येईल त्याचं ऐकत होता. मालकांना दाखवलं, तर ते हसले.

"शेणघाण काढणारी माणसं ती. आकडे बदलत बसणार हायत व्हय?"

मीही हसलो. आज त्या हसण्याची मला किळस येते.

आकडा बदलला तो एका सेक्रेटरीनेच. त्याची स्वतःची गाय वैरण खात नव्हती, आणि यादीत शेजारच्या गावची अडलेली म्हैस तिच्या वर होती. पठ्ठ्याने म्हशीच्या नोंदीवर ‘भेट झाली’ करून टाकलं. डॉक्टर थेट त्याच्या गोठ्यात गेले. म्हैस दुपारपर्यंत तडफडून मेली, पोटातल्या रेडकासकट. बदल कुणी केला, हे तेवढं आमच्या हुशार प्रोग्रामने लिहून ठेवलं होतं. विचारल्यावर हा गृहस्थ म्हणे, मी कुठं कुलूप तोडलं, होत होतं म्हणून केलं. निर्लज्ज माणूस, पण बोलला ते खरं होतं.

दुरुस्ती मीच केली. बदल सेव्ह करण्याआधी दर वेळी सर्व्हरनेच बघायचं, मागणारा कोण आणि नोंद कुठल्या गावची. जुळलं नाही तर सरळ नकार. मग मालकांनी मला म्हैस गेलेल्या गावी पाठवलं, ही ‘नवी सुविधा’ समजावून सांगायला. पेढे वाटायचे तेवढे राहिले होते.

संस्थेच्या खोलीत म्हशीची मालकीण मागे बसली होती. एकटी बाई, त्या एका म्हशीवर घर चालवणारी. माझं बोलून झाल्यावर तिने विचारलं, "पावणं, ह्ये आधी ठाऊक हुतं तुमास्नी?"

"व्हय," मी म्हणालो.

"आन् दुरुस्त कराय किती येळ लागला?"

"अर्धा तास."

"अर्ध्या तासापायी म्हस घालवलासा व्हय माझी."

तिने आवाज चढवला नाही.