आर्व्हिल स्टेपलटनची नोंद सापडत नाही

क्रॅबट्रीच्या खोऱ्यात आर्व्हिल स्टेपलटनला ओळखत नाही असं कुत्रंसुद्धा नाही. अठ्ठावीस वर्षं त्यानं कोळशाच्या खाणीत छताला बोल्ट ठोकले, म्हणजे डोक्यावरचा डोंगर खाली येऊ नये याची काळजी वाहिली, आणि एक दिवस डोंगर आलाच. आपण पळावं की नाही? तर हा शहाणा क्लेटस हॅगरला ओढून काढत बसला. क्लेटस वाचला, याचा कणा गेला. छातीत कोळशाची धूळ आधीपासून होतीच. आता वय सत्तावन्न, बायको वारलेली, काठीशिवाय उभं राहता येत नाही, तीन पायऱ्या चढला की धाप ऐकू येते. सरकारनं दोन वर्षं कागदामागून कागद मागितले आणि शेवटी मान्य केलं की हा माणूस खरंच काम करू शकत नाही. मग महिन्याला अकराशे चाळीस डॉलर अपंगभत्ता सुरू झाला. त्यावर त्याचं घर चालायचं, दुसरं काही नव्हतं.

आता स्टेपलटनांची एक खोड सांगायला हवी. ते उसनं घेत नाहीत. त्याचं असं झालं की आर्व्हिलचा आजोबा ईनस जेव्हा खाणीत होता, तेव्हा पगार कंपनीच्या पितळी नाण्यांत मिळायचा आणि ती नाणी फक्त कंपनी स्टोअरात चालायची. पीठ तिथलं, बूट तिथले, कंदिलाचं तेल तिथलं, भाव दुप्पट. पगाराच्या दिवशी हिशेब झाला की दर वेळी ईनसच देणं लागायचा. मेला तेव्हाही लागतच होता. प्रेत घरात असताना कंपनीचा माणूस बिल घेऊन दारात आला. आजी झेल्फानं नऊ वर्षं लोकांचे कपडे धुऊन ते फेडलं, आणि पुढे मुलांना, नातवंडांना, सगळ्यांना जेवणाच्या टेबलाशी उभं करून बायबलवर हात ठेवायला लावला: स्टेपलटन कुणाचं देणं लागणार नाही. आर्व्हिल तेव्हा सहा वर्षांचा होता, हात पोचत नव्हता म्हणून त्याला खुर्चीवर उभा केला होता. त्या घरात 'कंपनी स्टोअर' हे शब्दही कुणी उच्चारत नसे.

आर्व्हिलनं शपथ पाळली. ट्रक रोखीनं घेतला, तोही पाच जणांनी वापरून टाकलेला. चाकांवरचं घर रोखीनं, बायको ऑर्फाची शवपेटी रोखीनं. स्वयंपाकघरात कॉफीचा एक पत्र्याचा डबा होता, त्यात सहाशे चाळीस डॉलर उरले होते. ते त्याच्या स्वतःच्या पेटीसाठी, ऑर्फाच्या शेजारी जाऊन पडायला. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, या बाबानं शेवटचं अंथरूणसुद्धा आधीच मापून ठेवलं होतं.

अशा माणसाला एप्रिलात सरकारी पत्र आलं. भामटे लोक दुसऱ्यांच्या नावावर भत्ते उचलतात, सबब प्रत्येक भत्तेकऱ्यानं साठ दिवसांत आपली ओळख नव्यानं पटवून द्यावी, न दिल्यास पैसे थांबतील. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण त्या मुलखात नाही, रीत मात्र आहे.

आर्व्हिल तालुक्याच्या कचेरीत गेला. खिडकीत रोंडा बसलेली, त्याच क्लेटस हॅगरची मुलगी.

"या आर्व्हिलकाका, बसा. पाठ काय म्हणते?"

"आहे तिथंच आहे. तुझा बाप?"

"टीव्हीवर ओरडतो दिवसभर. गोळ्या घेत नाही."

आर्व्हिलनं पिशवी टेबलावर रिकामी केली. जन्मदाखला, गाडीचा परवाना, युनियनचं कार्ड, लग्नाचा दाखला, ऑर्फाचा मृत्यूचा दाखला, खाणीतल्या बिल्ल्यावरचा फोटो.

"अहो एवढं कशाला आणलंत? कागदांचे दिवस गेले. आता हे मशीन चार प्रश्न विचारतं. कर्ज कुणाचं घेतलंत, हप्ता किती, क्रेडिट कार्ड कोणतं. तुमचं कर्ज तुमच्याशिवाय कोणाला माहीत असणार? उत्तरं जुळली की तुम्ही तेच."

"आणि कर्ज नसलंच तर?"

रोंडा हसली. "असं कोण असतं काका?"

तिनं नाव, जन्मतारीख, नंबर घातला. मशीननं बराच विचार केला आणि लिहिलं: या व्यक्तीची नोंद सापडत नाही. रोंडानं पुन्हा घातलं. पुन्हा तेच. आर्व्हिल काठीवर रेलून ते वाचत राहिला.

"रोंडा, तू तरी ओळखतेस ना मला?"

"काय बोलता काका. तुम्ही नसतात तर माझा बाप नसता. मी ओळखते हो. पण माझ्या ओळखण्याला इथं बटण नाही." तिच्या डोळ्यांत पाणी आलं, मग तिनं आवाज खाली आणला. "ऐका माझं. कुठूनतरी छोटंसं कर्ज काढा. चार महिने हप्ते भरा. मग दिसायला लागाल."

"मी नाही काढणार," आर्व्हिल म्हणाला आणि कागद गोळा करून निघून आला.

जूनमध्ये पैसे थांबले. आर्व्हिलनं बंदूक विकली. घेवडा आणि मक्याचा पाव यावर तीन आठवडे काढले. चर्चमधल्या बायका कधी रस्सा आणून द्यायच्या, तो भांडी घासून, त्यात बागेतली मिरची घालून परत करायचा, कारण रिकामं भांडं परत करणं म्हणजे देणं ठेवणं. शेवटी विजेच्या बिलावर लाल शिक्का आला तेव्हा त्यानं बायबल पालथं घातलं, जणू आजीला दिसू नये, आणि बँकेत गेला.

बँकेतली बाई फार गोड बोलली. "आधी कधी कर्ज घेतलंय का सर?"

"कधीच नाही."

"अरे रे. मग कसं देणार?"

म्हणजे कर्ज मिळायला कर्ज लागतं, ओळख मिळायला कर्ज लागतं, आणि ज्यानं आयुष्यभर कुणाचा सेंट बुडवला नाही तो माणूस या देशाच्या हिशेबी जन्मलेलाच नाही. खोऱ्यात त्याची पत एवढी की दुकानदार नोटा मोजून घेत नसत. ती पत इथे काडीच्या कामाची नव्हती.

इथे ड्यूई येतो. ड्यूई हा आर्व्हिलचा आतेभाऊ. त्याच टेबलाशी, त्याच दिवशी त्यानंही बायबलवर हात ठेवला होता, आणि जेवण गार व्हायच्या आत मामेबहिणीकडून पाच सेंट उसने घेतले होते. तेव्हापासून थांबला नाही. दोन ट्रक बँकेनं ओढून नेले. दारात एक होडी आहे, जवळचं तळं चाळीस मैलांवर. पण पोस्टमन रोज त्याच्याकडे पाकिटं टाकतो: प्रिय ड्यूई, तुमच्यासाठी नवं कार्ड, प्रिय ड्यूई, तुमच्यावर आमचा विश्वास आहे. मशीनला विचारलं असतं तर त्यानं ड्यूईच्या होडीचा रंगसुद्धा सांगितला असता.

"मी जामीन राहतो ना," ड्यूई म्हणाला. "लेका, तुझ्यासाठी एवढं नाही करणार?"

सज्जनाला दिवाळखोराचा जामीन. आर्व्हिलला इतकी शरम वाटली की ट्रकमध्ये तो रस्ताभर टोपी डोळ्यांवर ओढून बसला. शरमेची खरी बाब पुढेच होती. हप्त्यांवर सामान देणारं दुकान खोऱ्यात एकच, आणि ते नेमकं त्या जुन्या लाल विटांच्या इमारतीत. नव्या मालकानं पाटीसुद्धा तीच ठेवलेली, नुसती रंगवून घेतलेली, कारण लोकांना जुनं आवडतं: कंपनी स्टोअर.

"इथे नाही," आर्व्हिल म्हणाला.

"दुसरीकडे तुला कोण उभं करतंय?" ड्यूई म्हणाला. "तुझी पाठ काय, तुझा रुबाब काय. चल आत."

दुकानदार रँडलनं एक खुर्ची दाखवली. बटण दाबलं की ती माणसाला हळूच उठवून उभं करते. किंमत चारशे ऐंशी डॉलर, हप्ता एकतीस, दोन वर्षं. आर्व्हिलनं सही केली.

त्या रात्री त्याचा डोळा लागला नाही. खुर्ची घरात येऊन बसली होती आणि ती त्याची नव्हती. सकाळी दुकान उघडायच्या आधी तो कॉफीचा डबा काखेत घेऊन पायरीवर हजर होता. चारशे ऐंशी डॉलर मोजून दिले आणि पावती मागितली.

रँडल नोटांकडे बघत राहिला. "काल घेतलं आणि आज फेडताय?"

"काल फेडू देत होतास का?"

आर्व्हिल बाहेर आला तेव्हा त्याला मोकळं वाटत होतं. कर्ज काढलं होतं, सरकारचं ऐकलं होतं, आणि आजीचंही राखलं होतं, एका रात्रीपुरतं इकडेतिकडे. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन त्यानं त्या दिवशी खुर्चीवर बसून चार वेळा बटण दाबलं. पेटीच्या पैशांतले एकशे साठ उरले होते, त्याचं त्याला फारसं वाईट वाटलं नाही.

ऑगस्टमध्ये रोंडानं पुन्हा नाव घातलं. नोंद सापडत नाही. तिनं रँडलला फोन लावला, ऐकलं, आणि फोन ठेवून आर्व्हिलकडे बघितलं.

"काका, तुम्ही फेडलंत?"

"हो मग."

"दुसऱ्या दिवशी?"

"दुकान लवकर उघडत नाही, नाहीतर..."

"अहो, जे देणं लागतात त्यांचीच नावं ते महिनाअखेरीला पाठवतात. तुमचं पाठवायला काही उरलंच नव्हतं. फेडलंत कशाला?"

"घेतलं होतं म्हणून," आर्व्हिल म्हणाला. याहून वेगळं उत्तर त्याला सुचेना, आणि खरं तर ते आहेही कुठे? पण रोंडानं कपाळाला हात लावला. चांगली बाई, तिचा काय दोष. पण तिनंही हात लावला तो त्याच्याच मूर्खपणावर.

ड्यूई तर हसून हसून लोळायचा बाकी राहिला. "गाढवा, कर्ज फेडायचं नसतं, पाळायचं असतं. थोडं थोडं खायला घालायचं. मरू द्यायचं नाही."

मग ड्यूईच्या देखरेखीखाली आर्व्हिलनं दुसरं कर्ज काढलं. या वेळी फ्रीझर, महिना एकोणतीस. आत ठेवायला त्याच्याकडे काही नव्हतं आणि वीज वाचवायची म्हणून प्लग लावला नाही. बाहेरच्या खोलीत ती पांढरी पेटी आडवी पडून होती, आणि शेजारी उठवणाऱ्या खुर्चीत आर्व्हिल. दर महिन्याच्या एक तारखेला तो डब्यातून एकोणतीस डॉलर काढायचा, जायचा, द्यायचा आणि उरलेलं देणं तसंच ठेवून परत यायचा. ते ठेवून येणं त्याला जमायचं नाही. रँडल सांगतो की दर वेळी म्हातारा दारापर्यंत जाऊन एकदा मागे वळायचा.

नोव्हेंबरात कचेरीत गेला तेव्हा ट्रक विकलेला होता, ड्यूईनं सोडलं. ड्यूईचा ट्रक तिसरा, नवा कोरा.

रोंडानं नाव घातलं. या वेळी मशीन थांबलं नाही. "आलं," ती म्हणाली आणि पडदा त्याच्याकडे फिरवला. "उत्तर तुम्हीच द्यायचं. मला मदत करता येत नाही."

प्रश्न होता: खालीलपैकी कुणाचं देणं तुम्ही लागता? खाली चार नावं. तीन कुठल्यातरी शहरातल्या बँका. चौथं, कंपनी स्टोअर.

आर्व्हिलनं चौथं नाव पुन्हा पुन्हा वाचलं.

"काका, येत नाहीये का उत्तर?"

"येतंय."

त्यानं बोट टेकवलं. पुढचा प्रश्न हप्त्याचा, त्याच्या पुढचा शिल्लक किती याचा. ती त्याला सेंटपर्यंत पाठ होती. मशीननं हिरवी खूण दाखवली आणि लिहिलं: ओळख पटली. स्वागत आहे, आर्व्हिल स्टेपलटन.

रोंडानं टाळ्या वाजवल्या. "झालं काका. थांबलेले सगळे पैसे एकदम येतील. आता काळजी नको."

"मग पैसे आले की तो फ्रीझर फेडूनच टाकतो."

"नको नको. असलं काही करू नका. ही पडताळणी आता दर वर्षी आहे. परत एप्रिलात येणार. तेव्हा देणं नसलं की परत दिसेनासे व्हाल."

"मग किती दिवस ठेवायचं?"

रोंडानं जरा विचार केला. ती खोटं बोलणाऱ्यांतली नव्हती. "भत्ता घेताय तोवर. म्हणजे... तुम्ही आहात तोवर."

आर्व्हिलनं जन्मदाखला, परवाना, युनियनचं कार्ड, बिल्ल्याचा फोटो एकेक करून पिशवीत भरलं. ऑर्फाचा दाखला सगळ्यांत वर ठेवला. मग काठीवर भार टाकून उठला.

"ईनससारखं," तो म्हणाला.

"ईनस कोण काका?"

"माझा आजोबा. त्याचं नाव घालून बघ तुझ्या मशीनमध्ये," आर्व्हिल म्हणाला. "त्याची नोंद लगेच सापडेल."