पैसे भरून सायकल सहल: नांदगाव ते देवबाग आणि एक गाऱ्हाणं

रस्ता सरकारचा, सायकल माझी, पायही माझेच. मग दोन दिवसांचे साडेसहा हजार कशाचे? कोल्हापुरात बसून हा प्रश्न मी बायकोला दहा वेळा विचारला आणि तरी पैसे भरले. खरं कारण तिलाही सांगितलं नाही. दोन वर्षांपूर्वी पन्हाळ्याच्या उतारावर सपशेल आपटलो, तेव्हापासून मला उताराची धास्ती बसली आहे. मागून व्हॅन येणार होती, म्हणून भरले.

एसटीने फोंडा घाट उतरून नांदगाव गाठलं. सायकली आदल्या दिवशी टेम्पोने गेल्या होत्या. माझ्या सायकलवर एक ओरखडा जास्तच वाटला. "काका, फक्त एन्जॉय करा, बाकी आमच्यावर सोडा!" हा आमचा संयोजक निखिल. असं म्हणणाऱ्या माणसावर माझा काडीचा विश्वास बसत नाही.

कुणकेश्वरपर्यंतचा रस्ता चांगला आहे, पण सपाट म्हणून कुठे नाही. प्रत्येक उताराला मी खाली उतरायचो, चेनला हात लावायचो आणि चालू लागायचो.

"परत पडली चेन?" सांगलीच्या निवृत्त शिक्षिका सुलभाताई विचारायच्या.

"टेम्पोत आदळली असणार," मी बिनदिक्कत ठोकून द्यायचो. निखिल बिचारा दोनदा चेन तपासून गेला. व्हॅनमध्ये बसायचा आग्रहही केला त्याने, पण लाज वाटली.

मुक्काम कुणकेश्वरलाच, आंब्याच्या बागेतल्या एका घरात होता. बांगड्याचं तिखलं, भात, सोलकढी. इथं तक्रारीला जागा नव्हती, मी शोधली तरी. जेवणानंतर घरमालक आबा शेजारी येऊन बसले.

"मगाशी उतारार तुमका बघलंय. चेन जाग्यार होती. मगे चलत कित्याक इलात?"

अनोळखी माणसाला सांगणं सोपं गेलं. सगळं सांगून टाकलं.

सकाळी घावणे खाऊन निघताना निखिल म्हणाला, "थांबा, आबा देवाला गाऱ्हाणं घालतायत." मनात म्हटलं, आलं! पत्रकातला 'अस्सल कोकणी अनुभव' तो हाच. आबांनी नारळ ठेवला, हात जोडले आणि खणखणीत आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"ही लेकरां सायकलीन देवबागाक जातत, तेंची राखण कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आणि ह्यो कोल्हापूरचो पाव्हणो! तेका उताराचा भय वाटता, म्हणान चेनीचा निमित करून चलत येता. तां भय काढून टाक रे म्हाराजा!"

मग सगळे एका सुरात, "होय म्हाराजा!" सुलभाताईंचा आवाज सगळ्यांत मोठा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आबांचा रागही आला. विश्वासाने सांगितलं होतं हो!

"याचे आबांना किती देता?" मी निखिलला हळूच विचारलं.

"गाऱ्हाण्याचे कोण पैसे घेतं, काका? पत्रकातला 'अनुभव' म्हणजे देवबागची बोटीची फेरी."

आचऱ्याच्या अलीकडे पहिला मोठा उतार आला. मी सायकलवरून उतरलो, पण चेनला हात लावायची सोय आता राहिली नव्हती. सुलभाताई थांबल्या. "मी पुढे हळूहळू जाते. दोन्ही ब्रेक थोडेथोडे दाबत मागे या. पडलात तर माझ्यावरच पडाल." मागे निखिल. ब्रेक दाबून बोटं दुखली, पण खाली आलो तो सायकलवरूनच. रडू आलं, ते घाम पुसायच्या निमित्ताने पुसलं. देवबागची बोटीची फेरी, खरं सांगतो, ठीकठाकच होती.

तर पैसे भरून जावं का? राहणं-जेवण तुमचं तुम्ही निम्म्यात कराल, व्हॅनची मला गरज पडली नाही, आणि ओरखड्याचं उत्तर अजून मिळालेलं नाही. पण एकटा गेलो असतो तर माझं खोटं पकडायला कोणी नसतं.

गेल्या रविवारी नेहमीसारखा एकटाच पन्हाळ्याला गेलो. घरी आल्यावर बायकोला सांगितलं, "आज अर्धा उतार सायकलवर बसून आलो, अर्धा चालत."

"म्हणजे, अहो, दोन वर्षं दर रविवारी तुम्ही सगळा उतार चालत येत होता?"

"होय," म्हटलं.